आईला खुर्चीतून उठता येत नाही, सगळे म्हणतात "अशक्तपणा आहे". मग व्यायाम करू द्यायचा की आराम?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आई ६४ वर्षांची, गेले पाच-सहा महिने खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकवावे लागतात, जिना चढताना कठडा धरून स्वतःला वर ओढते, केस विंचरताना हात मधेच खाली येतो. कोलेस्टेरॉलची गोळी दोन वर्षांपासून चालू. हिमोग्लोबिन, शुगर, बी१२ नॉर्मल. एसजीओटी-एसजीपीटी थोडे वाढलेत, त्यावर "फॅटी लिव्हर असेल" म्हणून विषय संपला. टॉनिक झालं, ताकदीची पावडर झाली, फरक शून्य. आणि घरात निम्मे म्हणतायत पडून राहा, निम्मे म्हणतायत रोज चालायला जा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, तेवीस वर्षं हेच करतोय, आणि खरं सांगू का, तुमच्या मेसेजमधलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते म्हणजे केस विंचरताना हात खाली येणं आणि ते लिव्हरचे आकडे. खुर्चीचं नंतर बघू.

आधी तो "अशक्तपणा" शब्द जरा सोडवून घेऊ कारण निम्मा घोळ तिथेच होतो. माझ्याकडे अशक्तपणा म्हणून येणाऱ्या माणसांमध्ये तीन वेगळे प्रकार असतात. एकाला थकवा असतो, म्हणजे ताकद शाबूत आहे पण करावंसंच वाटत नाही, झोप नीट नाही, रक्त कमी आहे, डिप्रेशन आहे, हार्टचं काहीतरी आहे. दुसऱ्याला दुखतं, म्हणून तो जोर लावत नाही, गुडघा दुखत असेल तर मांडी काम करायचं सोडून देते, यात नाटक अजिबात नसतं, सांध्यात सूज असली की पाठीचा कणा त्या स्नायूला जाणारा सिग्नलच कमी करतो. आणि तिसऱ्याच्या स्नायूत खरंच ताकद कमी झालेली असते. बोलण्यातून ओळखायची माझी खूण अशी आहे की थकलेला माणूस म्हणतो "नको वाटतं", दुखणारा म्हणतो "आई गं", आणि ज्याची ताकद खरंच गेलीय तो म्हणतो "करायला जातो पण होतच नाही". तुमची आई तिसऱ्या गटातली वाटते. टॉनिकने फरक पडला नाही याचं आश्चर्य नाही, टॉनिक यातल्या कुठल्याच प्रकारावर फारसं काही करत नाही.

आता घरी एक टेस्ट करा, दोन मिनिटांचं काम आहे. हात नसलेली साधी सरळ खुर्ची घ्या, बसायची उंची साधारण ४३ ते ४५ सेंटीमीटर, भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे मागे सरकणार नाही. आईला हात छातीवर क्रॉस करून पाच वेळा उठ-बस करायला सांगा आणि मोबाईलवर वेळ लावा. तुम्ही शेजारीच उभे राहा, समोर नको. आशियाई लोकांसाठीचे २०१९ चे जे निकष आहेत त्यात पाच वेळा उठायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंची कार्यक्षमता कमी धरतात, युरोपातल्या निकषात हीच रेषा १५ सेकंदांची आहे. पण मी खरं तर वेळेपेक्षा पद्धत बघतो. ताकद कमी असलेला माणूस आधी खुर्चीच्या कडेला सरकतो, पाय लांब फाकवतो, मग एक-दोन-तीन म्हणत झोका घेऊन पुढे वाकतो आणि उठल्यावर आधी हात मांडीवर टेकवून मग कंबर सरळ करतो. जमिनीवरून उठताना हेच आणखी ठळक दिसतं, आधी चार पायांवर, मग हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभं राहायचं. गॉवर्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १८७९ मध्ये स्नायूंचा आजार असलेल्या मुलांबद्दल लिहिताना याचं वर्णन केलं होतं, आजही त्याच नावाने ओळखतात. आणि बसताना बघा. शेवटच्या वीतभर अंतरात धप्पकन पडते का? तसं असेल तर मांडीला ब्रेक लावता येत नाहीये.

हे मुद्दाम सविस्तर सांगतोय कारण पलंगावर झोपवून ताकद तपासली की फसायला होतं. आम्ही ० ते ५ असे मार्क देतो, ही पद्धत ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची, दुसऱ्या महायुद्धात नसांच्या जखमा तपासताना रूढ झालेली. ३ म्हणजे फक्त स्वतःच्या वजनाविरुद्ध अवयव उचलता येतो, ५ म्हणजे पूर्ण ताकद, आणि ४ म्हणजे मधलं सगळं, अगदी जेमतेम विरोधापासून जवळजवळ नॉर्मलपर्यंत, एवढं मोठं पोतं आहे ते. त्यात मांडीचा पुढचा स्नायू इतका दणकट की तपासणाऱ्याचा एक हात त्याला हरवूच शकत नाही. म्हणजे मांडीची बरीचशी ताकद गेली तरी कागदावर "पाचपैकी पाच" लिहिलेलं असतं आणि पेशंट मात्र कमोडवरून उठू शकत नाही. म्हणून खुर्ची. तिथे विरोध माझ्या हाताचा नसतो, पेशंटच्या स्वतःच्या वजनाचा असतो.

पुढचा प्रश्न, ताकद कुठली गेलीय. हा प्रश्न घरच्यांनीच नीट बघितला तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. खुर्चीतून उठणं, जिना, वरच्या फळीवरचा डबा काढणं, केस विंचरणं, या सगळ्याला धडाजवळचे स्नायू लागतात, कंबर-मांडी आणि खांदा. दोन्ही बाजूंना सारखं आणि धडाजवळ असेल तर पहिला संशय स्नायूंवरच जातो. याउलट चप्पल पायातून निसटते, चालताना बोटं अडखळतात, शर्टाचं बटण लागत नाही, किल्ली फिरवता येत नाही, हे लांबच्या स्नायूंचं काम, तिथे सहसा नस दोषी असते आणि बरोबर मुंग्या किंवा बधिरपणाही असतो. मी पेशंटची चप्पल उलटी करून बघतो, एकाच पायाची चप्पल बोटांपाशी जास्त घासली असेल तर तो पाय पूर्ण उचलला जात नाहीये, हे त्याला स्वतःला कळायच्या आधी चप्पल सांगते. स्नायूच्या आजारात बधिरपणा नसतो हे पक्कं लक्षात ठेवा, म्हणून आईला तळव्याला कापूस चिकटल्यासारखं वाटतं का, डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो का, हे विचारा, "हो" असेल तर गाडी नसांकडे किंवा मणक्याकडे वळते.

आणि एक वेगळाच प्रकार असतो, सकाळी ठीक, संध्याकाळी वाईट. एक बाई माझ्याकडे मानेच्या व्यायामासाठी आल्या होत्या, मान धरवत नाही म्हणून. सकाळच्या वेळेला तीनदा आल्या, तिन्ही वेळा मला फार काही सापडलं नाही, चौथ्यांदा काहीतरी अडचण आली म्हणून संध्याकाळी सातला आल्या आणि बोलता बोलता डावी पापणी हळूहळू खाली उतरत गेली, पडदा सोडावा तशी. जेवताना शेवटचे घास चावायला जबडा थकतो का विचारलं तर म्हणाल्या हो, हाताने हनुवटीला आधार देते. मी व्यायाम तिथेच थांबवला आणि न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. मायस्थेनिया निघाला, त्यात नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचण्याच्या जागी अडथळा असतो, वापराल तसा स्नायू थकत जातो आणि विश्रांतीने परत येतो. औषधाने छान सुधारल्या. पण मी तीन वेळा सकाळीच तपासलं ही माझी चूकच, तेव्हापासून दिवसातली कुठली वेळ वाईट जाते हे मी पहिल्याच दिवशी विचारतो.

आता तुमच्या लिव्हरच्या आकड्यांकडे. एसजीओटी आणि एसजीपीटी ही नावं आपण लिव्हरशी जोडलेली आहेत पण हे दोन्ही एन्झाइम स्नायूतही असतात. स्नायू खराब होत असेल, पेशी फुटत असतील, तर हे दोन्ही रक्तात वाढतात आणि रिपोर्टवर "लिव्हर फंक्शन" असं छापलेलं असल्यामुळे सगळे लिव्हरच्याच मागे लागतात. यावर साधा उपाय आहे, सीपीके नावाची टेस्ट, काही लॅब सीके लिहितात. ते एन्झाइम मुख्यतः स्नायूतलं. त्याच्या जोडीला जीजीटी करून घ्या, जीजीटी स्नायूत नसतं, त्यामुळे एसजीओटी-एसजीपीटी वाढलेले, जीजीटी नॉर्मल आणि सीपीके भरपूर वाढलेलं असं चित्र आलं तर दोष लिव्हरचा नाही, स्नायूचा. मी एका माणसाला गुडघ्याचा पेशंट म्हणून महिनाभर व्यायाम देत होतो, तो त्याआधी वर्षभर लिव्हरच्या गोळ्या खात होता, ताकद उतरतच होती, शेवटी सीपीके केलं ते काही हजारात आलं. स्नायूंना सूज येण्याचा आजार होता. त्याचे उपचार वेगळे असतात, इम्युनिटी दाबणारी औषधं लागतात, आणि लवकर सुरू केली तर ताकद वाचते. या आजाराच्या एका प्रकारात पापण्यांवर जांभळट लाली आणि बोटांच्या सांध्यांवर लालसर खवले दिसतात, आईचे हात एकदा उजेडात बघून घ्या.

तुमच्या आईला हेच आहे असं मी म्हणत नाहीये. कारणं बरीच असतात आणि त्यातली अनेक साधी, पूर्ण बरी होणारी आहेत. थायरॉईड कमी असेल तरी धडाजवळची ताकद जाते आणि सीपीकेही वाढतं. थायरॉईड जास्त असेल तरी ताकद जाते, मग वजनही उतरतं, हात थरथरतात. व्हिटॅमिन डी खूप कमी असेल तर हाडं मऊ पडतात, मांड्या-कंबर दुखते आणि माणूस बदकासारखा डुलत चालतो. पोटॅशियम उतरलं तर स्नायूच बंद पडतात, नॉर्मल साधारण ३.५ च्या वर हवं, २.५ च्या खाली गेलं की प्रकरण गंभीर, आणि हे लघवी जास्त करवणाऱ्या बीपीच्या गोळ्यांनी किंवा खूप उलट्या-जुलाबांनी होऊ शकतं. स्टिरॉइड बरेच महिने पोटात गेलं तरी मांड्या बारीक होतात, आणि गंमत म्हणजे त्यात सीपीके नॉर्मल येतं. आई सांधेदुखीसाठी कुणाकडून लेबल नसलेली औषधं घेत असेल तर ते डॉक्टरांना नक्की सांगा, त्यात स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. बी१२ बद्दल लोकांचा फार गैरसमज आहे, ते कमी असेल तर मुख्य त्रास नसांना आणि तोलाला होतो, नॉर्मल असताना इंजेक्शनं घेऊन मांडीत ताकद येत नाही.

कोलेस्टेरॉलची गोळी. नावं वेगवेगळी असली तरी बहुतेक वेळा ते स्टॅटिन असतं. या गोळीवर अंग दुखल्याची तक्रार बरेच जण करतात, पण खरी ताकद जाणं आणि सीपीके नॉर्मलच्या दहापटीवर जाणं हे क्वचित होतं. थायरॉईड कमी असताना किंवा काही अँटिबायोटिक, फंगसची औषधं बरोबर चालू असताना शक्यता वाढते. फारच थोड्या लोकांत ही गोळी शरीराची इम्युनिटी स्नायूंवर उलटवते आणि मग गोळी बंद केली तरी आजार चालूच राहतो, त्याची वेगळी अँटिबॉडी टेस्ट असते. पण म्हणून आज रात्रीपासून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, विशेषतः स्टेंट असेल किंवा आधी अटॅक येऊन गेला असेल तर. डॉक्टरांना थेट विचारा: "ताकद कमी झालीय, सीपीके, टीएसएच (थायरॉईडची टेस्ट), पोटॅशियम, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी करूया का, आणि तोपर्यंत ही गोळी थांबवायची का?" हे वाक्य चिठ्ठीवर लिहूनच न्या, समोर गेल्यावर निम्मं विसरतं. जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची पिशवी न्या, पावडर आणि टॉनिकसकट. गरज वाटली तर ते ईएमजी सांगतील, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून त्याची वीज बघतात, थोडं टोचतं पण स्नायू की नस हा वाद बराचसा मिटतो.

कधी थांबायचं नाही तेही सांगून ठेवतो. अचानक एका बाजूचा हात-पाय पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर थेट हॉस्पिटल, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि घड्याळ लक्षण सुरू झाल्यापासून चालू होतं, घरच्यांची चर्चा संपल्यापासून नाही. दोन्ही पायांची ताकद जाऊन लघवी अडली किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला तर मणक्यात नस दाबली जातेय, तीही त्याच दिवशीची इमर्जन्सी. जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत पायातून सुरू होऊन वर वर चढणारी कमजोरी असेल तर गिलॅन-बारे सिंड्रोम असू शकतो, यात श्वासाचे स्नायू जाण्याची भीती असते. एक अंदाज घेण्यासारखी गोष्ट म्हणजे एक मोठा श्वास घेऊन एका दमात मोठ्याने आकडे मोजायला लावा, वीसच्या आतच दम तुटायला लागला तर वाट बघू नका, आणि वीस झाले तरी हॉस्पिटल टळत नाही. गिळताना ठसका लागणं, आडवं झोपलं की दम लागणं, व्यायामानंतर लघवी चहा-कोलासारखी काळपट होणं, ही पण त्याच यादीत.

आता समजा टेस्ट केल्या, सगळं नॉर्मल आलं किंवा छोटं कारण सापडून उपचार सुरू झाले. तेव्हा शिल्लक राहतो तो वयाचा आणि वापर कमी झाल्याचा स्नायूक्षय. याला सार्कोपेनिया म्हणतात, हा शब्द १९८० च्या दशकाच्या शेवटी आर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवला, त्याआधी याला नावच नव्हतं, "वय झालं" म्हणून सोडून द्यायचे. आणि इथे "पडून राहा" वाल्यांचा मुद्दा पूर्ण कोसळतो. निरोगी ज्येष्ठांना फक्त दहा दिवस पलंगावर ठेवून केलेला एक अमेरिकन अभ्यास आहे, २००७ मध्ये आला, दहा दिवसांत दोन्ही पायांतलं मिळून जवळपास एक किलो मांस गेलं. आजारी नसलेल्या माणसांचं हे. तुमच्या आईला कुणी प्रेमाने "तू बस, मी आणते पाणी" म्हणत असेल तर तिच्या दिवसातलं एक-एक उठणं कमी होतंय, आणि तेच तिचं औषध होतं.

"रोज चालायला जा" वालेही अर्धेच बरोबर आहेत. चालणं हार्टला, शुगरला, मनाला उत्तम, पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीवर लोड फारच कमी येतो, त्याने खुर्चीतून उठायची ताकद येत नाही. रोज पाच किलोमीटर चालणारी आणि कमोडवरून उठू न शकणारी माणसं मी कितीतरी बघितलीत. स्नायूला जड वाटेल एवढं काम दिलं तरच तो बदलतो. १९९० मध्ये मारिया फियाटारोन यांनी एका वृद्धाश्रमातल्या सरासरी ९० वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे चक्क जड वजनाचे व्यायाम दिले होते, ज्यांनी पूर्ण केलं त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नंतर १९९४ मध्ये शंभर जणांवर मोठा अभ्यास केला, त्यात काहींना नुसतं पोषक सप्लिमेंट दिलं, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही, तर नुसतं सप्लिमेंट घेणाऱ्यांची कमजोरी तशीच राहिली. तुमच्या पावडरच्या डब्याचं उत्तर तीस वर्षांपूर्वीच येऊन गेलंय.

तर करायचं काय. आईच्या बाबतीत मी खुर्चीपासूनच सुरू करेन. उंची अशी करायची की हात न लावता आठ-दहा वेळा उठता येईल पण शेवटची दोन जड जातील. त्यासाठी खुर्चीवर घट्ट उशी किंवा घडी केलेली ब्लँकेट्स ठेवा, मऊ फोम नको, तो रुततो. पाय गुडघ्यांच्या थोडे मागे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत वाकायचं आणि मग उठायचं, बहुतेक लोक पुरेसे पुढे वाकतच नाहीत आणि मागे खुर्चीत पडतात. उठताना श्वास सोडायचा, धरून ठेवायचा नाही. बसताना मनात चार मोजत हळू, अगदी कुल्ला टेकेपर्यंत कंट्रोल. आठ-दहाचा एक सेट, दोन मिनिटं विश्रांती, असे दोन किंवा तीन सेट, आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. बारा सहज व्हायला लागले की एक घडी काढा. मी पेशंटला सांगतो की सेट संपल्यावर "अजून दोनच झाले असते" असं वाटलं पाहिजे, "अजून वीस काढले असते" वाटलं तर तो व्यायामच झाला नाही.

त्याच्या जोडीला ओटा धरून टाचा उचलणं, पायरीवर एक पाय ठेवून चढ-उतर, आणि खांद्यासाठी पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घेऊन हात वर नेणं. बास. पंधरा व्यायामांचा छापील कागद मी देणं कधीच बंद केलंय, तो फ्रिजवर लागतो आणि तिथेच राहतो.

पहिल्या महिना-दीड महिन्यात जी ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूला जास्त चांगलं कामाला लावायला शिकतात म्हणून, मांडीचं माप बदलत नाही, तेव्हा आरशात बघून निराश होऊ नका. पहिल्या एक-दोन आठवड्यांत व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकतील, ते चालतं, तीन दिवसांत गेलं पाहिजे. सांध्यात टोचणारी कळ किंवा सूज आली, किंवा दुसऱ्या दिवशी ताकद आधीपेक्षा कमी वाटली तर डोस जास्त झालाय, कमी करा.

जेवणाबद्दल एवढंच की वय झाल्यावर प्रोटीन थोडं जास्त लागतं, वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला ६० ते ७२ ग्रॅम, आणि ते दोन-तीन जेवणांत वाटून. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतं यावरून किती लागतं ते कळेल. किडनीचा आजार असेल तर हा हिशोब डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एवढं अन्नातून होत नसेल तर पावडर घ्या, माझा त्याला विरोध नाही, फक्त तिच्याकडून खुर्चीचं काम करून घेऊ नका.

आणि हे सगळं प्रत्येक कमजोरीला लागू नाही. मायस्थेनियात व्यायाम औषधाचा असर असतानाच, थोडा थोडा. लहान मुलांच्या ड्युशेन डिस्ट्रॉफीमध्ये, म्हणजे स्नायू झिजवणाऱ्या जन्मजात आजारात, ते हळू खाली बसण्यासारखे, स्नायू ताणत ताणत करायचे जड व्यायाम टाळतात कारण त्या स्नायूचं आवरणच कमजोर असतं आणि तो फाटतो. जुन्या पोलिओच्या पेशंटला पन्नाशी-साठीत परत कमजोरी आली तर दमेपर्यंत व्यायाम देणं उलटं पडतं. स्नायूंच्या सूजेत पूर्वी पूर्ण विश्रांती सांगायचे, आता औषधं सुरू झाल्यावर देखरेखीखाली व्यायाम देतात आणि त्याचा फायदाच होतो. म्हणून कारण आधी, खुर्ची नंतर, हा क्रम आईच्या बाबतीत मी सोडणार नाही, कारण तिचे खांदेही गेलेत, आणि नुसत्या वापर कमी झाल्याने आधी पाय जातात, केस विंचरणं सहसा एवढ्या लवकर जात नाही.

तोपर्यंत घरात दोन गोष्टी करून टाका. कमोडवर उंची वाढवायची सीट मिळते ती बसवा आणि बाजूला भिंतीत धरायचा दांडा, टॉवेलचा स्टँड नको, तो वजन घेत नाही, उपटून हातात येतो. रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा. आणि आईचा उठ-बस करतानाचा बाजूने काढलेला व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा, तारखेसकट, महिन्याने परत काढा.

शेवटचं एक, नेमकं इथेच लोक चुकतात. सीपीकेचं रक्त द्यायच्या आधी तीन-चार दिवस आईला कुठलाही नवा व्यायाम करायला लावू नका, माझी वर सांगितलेली खुर्चीची टेस्टसुद्धा एकदाच, सराव म्हणून पाच-पाच वेळा नाही. मसाज नको, दंडात-कुल्ल्यात इंजेक्शनही नको. या सगळ्यानेच सीपीके वाढतं, आणि मग आकडा आजाराचा की तुमच्या उत्साहाचा हे मलाही सांगता येणार नाही. रिपोर्ट आला की आकडे आणि व्हिडिओ दोन्ही टाका, मग किती उशा ठेवायच्या ते ठरवू.